गाडीच्या ब्रेकची निगा घरच्या घरी

भाजी, दूध, खत वाहायला आता पुष्कळांच्या दारी पिकअप किंवा जुनी मोटार असते. बैलाच्या खुरांना आपण जपतो; गाडीच्या ब्रेककडे मात्र ती थांबेनाशी झाली की मगच पाहतो.

अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिला दोन्ही अंगांनी पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने पिस्टन एक पॅड दाबतो आणि कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून दुसरा पॅड दाबतो. चिखलपाणी शिरले की या पिना गंजून जाम होतात. मग गाडी एका बाजूला ओढते, चाक तापते, जळका वास येतो. भरल्या गाडीला उतारावर ब्रेक कमी पडतो, तो जिवावरचा प्रसंग.

म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा एवढे काम कराच.

1. गाडी सपाट, टणक जागी लावा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट थोडे सैल करून मग जॅक लावा, आणि खाली लोखंडी घोडी द्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका.

2. चाक काढा. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर सोडवला तर तारेने बांधून ठेवा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका.

3. पिना काढून पुसा. खड्डे पडले असतील तर नव्या घाला. ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीसच लावा. साधे ग्रीस, डिझेल, रॉकेल यांनी रबर फुगते. फाटलेल्या रबरी टोप्या बदला. पॅडला आणि डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका.

4. पॅडचे लायनिंग 3 मिलिमीटरवर आले की दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदमच बदला. पिस्टन शिकंज्याने हळूहळू मागे सारा. त्या वेळी टाकीतले तेल वर चढते, तिकडे लक्ष असू द्या.

5. बोल्ट आणि नट नीट आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही! मग मोकळ्या जागी हळू चालवून पाहा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या. झाकणावर लिहिले असेल तेच, डॉट 3 किंवा डॉट 4, वापरा. फोडून ठेवलेला जुना डबा नको.

पिस्टनभोवती तेल गळत असेल, पिस्टन मागे सरत नसेल किंवा पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर तिथेच थांबा. गाडी रस्त्यावर न काढता जाणत्या मिस्त्रीला घरी बोलवा. माल एक दिवस उशिरा बाजारात गेला तरी चालेल, माणूस सुखरूप घरी आला पाहिजे.