चष्म्याच्या चिठ्ठीवरचा दुसरा आकडा

(अमरावती येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर बसतो. आज डोळ्यांवर बोलणार आहे, कारण माझ्या डोळ्यांत काय बिघडले आहे हे मला विसाव्या वर्षी कळले आणि माझ्या खालेच्या मुलाला त्याचे दुखणे कळायला त्याहून महाग उशीर झाला. तुमच्यापैकी कुणाचा तरी हा उशीर वाचावा, एवढाच हेतू.

लहानपणी मकतबमध्ये मी बे, ते, से यांत गोंधळ करायचो. तिन्हींचा आकार सारखा, फरक फक्त नुक्त्यांचा. शाळेत मराठी वाचताना घ आणि ध, भ आणि म यांत चुकायचो. तिथे फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीचा असतो. घरी आणि बाहेर एकच निदान झाले: पोराचे लक्ष नाही. मलाही ते पटले होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टरवरचा प्रोग्रॅम उतरवून घेताना मी कोलनच्या जागी सेमीकोलन लिहायचो. एकदा शेजारच्या मित्राचा चष्मा गंमत म्हणून लावला आणि भिंतीवरची अक्षरे जरा सुटी झाली. त्याच आठवड्यात डोळे तपासले. चिठ्ठीवर पहिला आकडा अगदी छोटा होता, दुसरा मोठा. डॉक्टर म्हणाले, "तुला सिलिंडरचा नंबर आहे. अ‍ॅस्टिग्मॅटिझम."

हे नेमके काय असते? घरातली गोल वाटी पालथी घाला. तिची पाठ सगळ्या दिशांनी सारखी वळलेली असते. आता जेवायचा चमचा पालथा घाला. त्याची पाठ लांबीच्या बाजूने कमी वळलेली आणि रुंदीच्या बाजूने जास्त. डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, वाटीसारखा असला तर प्रकाश एका बिंदूत जमतो. तो चमच्यासारखा असला तर एका दिशेचा प्रकाश एकीकडे जमतो आणि दुसऱ्या दिशेचा दुसरीकडे. मग उभा काना स्पष्ट दिसतो तेव्हा आडवी शिरोरेषा पसरते, नाहीतर उलटे होते. डोळे बारीक करून पाहण्याची सवय, संध्याकाळी कपाळ दुखणे, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला फुटणारे लांब शेपूट, ही याची नेहमीची लक्षणे. अमरावती–अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा पट्टा साधारण १०५ तासांत डांबरी करून विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, पण माझ्या डोळ्यांतले दिव्याचे शेपूट चष्म्यानेच गेले.

थोडाफार अ‍ॅस्टिग्मॅटिझम बहुतेकांना असतो. तो मोबाइल पाहिल्याने किंवा अंधारात वाचल्याने येत नाही. तो आकाराचा प्रश्न आहे आणि पुष्कळदा जन्मापासूनचा. त्याचा हुशारीशी काही संबंध नाही.

आकाराचा प्रश्न आहे हे माणसाने कसे शोधले, ते इंजिनिअर म्हणून मला फार आवडते. प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो, डोळ्यातून बाहेर जात नाही, हे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसमने प्रयोगांच्या आधाराने मांडले. त्याचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याची सवय मात्र उचलायची राहते: तपासल्याशिवाय मानू नये. पुढे १८०१ मध्ये थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मोजून प्रसिद्ध केला. त्याने डोळ्यासमोर पाणी धरून कॉर्नियाचा परिणाम जवळजवळ शून्य केला. दोष तरीही उरला. म्हणजे त्याच्या बाबतीत दोष आतल्या भिंगात होता. एकेक भाग बंद करून चूक शोधायची, हे आम्ही रोज करतो. त्यानंतर १८२५ च्या सुमारास केंब्रिजच्या जॉर्ज एअरी या तरुण गणितज्ञाला आपला डावा डोळा कामच करत नाही असे लक्षात आले. पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून येणारा प्रकाश त्याला एका अंतरावर एका दिशेची रेघ दिसे आणि दुसऱ्या अंतरावर तिला काटकोनातली रेघ. ती अंतरे मोजून त्याने एका बाजूने नळकांड्याच्या कापासारखी वळलेली काच बनवून घेतली. आपल्या चिठ्ठीवरचा 'सिलिंडर' शब्द तिथून येतो.

आता ती चिठ्ठी वाचायला शिकू. समजा लिहिले आहे: −१.०० / −१.५० × ९०. पहिला आकडा स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांना लागणारा नंबर. दुसरा सिलिंडर, म्हणजे फक्त एका दिशेला लागणारा जादा नंबर. तिसरा अ‍ॅक्सिस, म्हणजे ती काच कोणत्या कोनात बसवायची. तो १ ते १८० मध्ये असतो. दुसऱ्या ठिकाणी तपासल्यावर −२.५० / +१.५० × १८० लिहून मिळाले तर घाबरू नका. तोच नंबर दुसऱ्या पद्धतीने मांडला आहे.

अ‍ॅक्सिस नाजूक असतो. काच १० अंशांनी फिरली तर सिलिंडरचा जवळजवळ एकतृतीयांश फायदा जातो. ३० अंशांनी फिरली तर फायदा काहीच उरत नाही. म्हणून वाकलेली फ्रेम तशीच वापरू नका आणि भावाचा चष्मा बहिणीला देऊ नका. नवा सिलिंडर लावल्यावर काही दिवस फरशी तिरपी वाटते, पायरी जवळ-लांब वाटते. बहुतेकांचे आठ-पंधरा दिवसांत जुळते. नाही जुळले तर परत जाऊन तपासून घ्या, चष्मा कपाटात ठेवू नका.

उपाय कोणते? पहिला चष्मा. सगळ्यात साधा आणि सगळ्यात निर्धोक.

दुसरा टोरिक कॉन्टॅक्ट लेन्स. ती डोळ्यावर फिरू नये म्हणून तिचा एक भाग जड किंवा जाड केलेला असतो. लेन्स घालून झोपायचे नाही आणि लेन्स नळाच्या पाण्याने कधीच धुवायची नाही, कारण त्या पाण्यातल्या जंतूंनी कॉर्नियाला गंभीर जखम होऊ शकते. वुजूबद्दल मला नेहमी विचारतात. वुजूत डोळ्याच्या आत पाणी घालावे लागत नाही. डोळे घट्ट मिटून चेहरा धुवा. लेन्सवर सुरमा मात्र नको. सुरम्यात शिसे असू शकते, त्यामुळे तो लेन्सशिवायही टाळलेला बरा.

तिसरा लेसर: पीआरके, लेसिक, स्माइल. लेसर कॉर्नियाचा आकारच बदलते. त्यासाठी वय साधारण १८ च्या पुढे हवे, नंबर निदान वर्षभर स्थिर हवा आणि कॉर्निया पुरेसा जाड व निरोगी हवा. नंतर काही काळ डोळे कोरडे पडतात. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लेसर करूनही लागतोच. ज्यांना लेसर चालत नाही, त्यांतल्या काहींना डोळ्याच्या आत बसवायची टोरिक लेन्स चालते. आणि घरात दादी-नानीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर आधी विचारा: सिलिंडर किती आहे, टोरिक लेन्सचा उपयोग होईल का?

गुलाबजल, डोळ्यांचे व्यायाम किंवा थेंब यांनी सिलिंडर जात नाही.

आता माझ्या खालेच्या मुलाची गोष्ट. तो अकोल्याचा. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. ऊन, धूळ, कोरडी हवा. तेराव्या वर्षापासून त्याचे डोळे खाजायचे आणि तो मुठीने चोळायचा. आम्ही म्हणायचो, उष्णता झाली. सिलिंडर दीड होता, अडीच झाला, मग चार. प्रत्येक वेळी आम्ही नवा चष्मा करून दिला. नंबर इतका का पळतो, हे आमच्यापैकी कुणीच विचारले नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर दिवसभर आकड्यांतच असतो. सतराव्या वर्षी तो म्हणाला, भाईजान, लेसर करून टाकू. लेसरआधीच्या तपासणीत कॉर्नियाचा नकाशा काढतात. त्यात कळले की त्याला केराटोकोनस आहे. कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत होता आणि एका डोळ्यात दुखणे बरेच पुढे गेले होते. अशा डोळ्यावर लेसिक केले असते तर तो आणखी कमजोर झाला असता.

हा आजार अनेकदा किशोरवयात सुरू होतो. अ‍ॅलर्जी आणि डोळे चोळण्याशी त्याचा जवळचा संबंध आढळतो. आपल्याच विदर्भात, नागपूरजवळच्या खेड्यांत, तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के निघाले. फक्त वक्रतेवरून ठरवलेला आकडा असल्याने तो जपून वाचायचा, पण दुर्लक्ष करण्याइतका लहान तो नक्कीच नाही.

वेळेत सापडले तर सीथ्रीआर हा उपचार आहे. रायबोफ्लेविनचे थेंब टाकून अतिनील किरण देतात आणि कॉर्निया मजबूत करतात. त्याने बहुतेकांचे दुखणे तिथेच थांबते, पण झालेले नुकसान भरून येत नाही. माझा भाऊ आज हार्ड लेन्स लावून शिकतो आहे. दोन वर्षे आधी गेलो असतो तर कदाचित चष्म्यावर भागले असते. हे "कदाचित" आमच्या घरात अजून बोचते.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढत असेल तर नुसता चष्मा बदलू नका, नेत्रतज्ज्ञाकडून कॉर्नियाची टोपोग्राफी करून घ्या. डोळे खाजले तर थंड पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका. आणि मेडिकलवरून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका. ते जास्त दिवस वापरल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

शेवटचे मुलांबद्दल, आणि खास करून मुलींबद्दल. "चष्मा लागला तर स्थळ येणार नाही" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. मोठा सिलिंडर लहान वयात दुरुस्त केला नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. डोळा आळशी होतो आणि मग चष्म्यानेही पूर्ण दिसत नाही. रिश्त्याच्या भीतीने आपण मुलीची नजर गमावतो. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, त्यात नजरही पाहतात. विनाअनुदानित शाळेत किंवा मकतबमध्ये ती आपोआप पोचेलच असे नाही. तिथे आपण पोचू शकतो. अक्षरांचा तक्ता, सहा मीटरची मोजपट्टी आणि एक रविवार, एवढे पुरते. एकेक डोळा झाकून वाचायला लावा. ज्याला खालच्या ओळी दिसत नाहीत त्याचे नाव लिहा, आईवडिलांना भेटा आणि त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.

आणि एखादे मूल नुक्ते चुकवत असेल, घ चा ध वाचत असेल, तर "लक्ष दे" म्हणण्याआधी एकदा विचारा, "बेटा, तुला दिसतंय का?"