चार्जिंग पॉइंट : एका शंकेखोराचं मनोगत

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या समारंभात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहून दिलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'वीजवाहने व आपली सोसायटी' असं लिहिलंय. मी बँकेतला माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरीही मला उभं केलंय, कारण या विषयावर सोसायटीत सर्वांत जास्त विरोध मीच केला होता. तेव्हा आज जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचं व्याख्यान समजू नका. एका जुन्या खजिनदाराचा कबुलीजबाब समजा.

दोन हजार साली आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर होत्या, सायकली होत्या आणि चारचाक्या मोजून पाच. पार्किंगमध्ये वीज कशाला लागते? दोन ट्यूबलाइट आणि पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर. बिल्डरने तेवढीच दिली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. गाडीला रात्री घरी 'दूध पाजावं' लागेल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग बी विंगमधल्या आपल्या एका तरुणाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि कमिटीला पत्र दिलं. स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने, पार्किंगमध्ये एक पॉइंट घेऊ द्या. मी त्या पत्रावर 'विचाराधीन' असा शेरा मारला. दुसरं पत्र आलं, त्यावरही तोच शेरा. तिसऱ्या पत्रावर 'पुढील सभेत ठेवावे' असं लिहिलं आणि पुढच्या सभेत विषय रंगकामाचा निघाला.

माझ्या शंका खोट्या नव्हत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या रोज यायच्या. त्यातली एक तर आपल्या पुण्यातलीच होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला खाली ई-स्कूटरची शोरूम आणि वर लॉज अशा इमारतीत आग लागली आणि वरच्या मजल्यांवरचे आठ जण गेले. मी ती बातमी कापून फाइलला लावून ठेवली होती. भीती खरी होती. फक्त तिचं काय करायचं ते मला कळलं नाही. मी ती फाइलमध्ये ठेवून दिली आणि काम झालं असं समजलो.

त्या तरुणाने शेवटी दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वायर खाली सोडली. टोकाला एक्स्टेंशन बोर्ड. चार महिने सगळ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. श्रावणातली संध्याकाळ, पाऊस लागलेला, बोर्डाच्या बाजूला पाणी साचायला लागलं. आपले वॉचमनकाका तो उचलून वर ठेवायला गेले आणि फेकले गेले. तळहात भाजला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. जिवावरचं हातावर निभावलं.

त्या रात्री कमिटीची तातडीची बैठक झाली आणि मुलाला दंडाचं पत्र द्यायचं ठरलं. मसुदा मीच लिहायला बसलो. आमच्या सौ.ने चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, "त्याने परवानगी मागितली नव्हती का हो?" मी फाइल उघडली. तीन पत्रं. तिन्हींवर माझी सही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. काका म्हणाले, "साहेब, माझंच चुकलं. कुणाची तरी वस्तू भिजेल म्हणून उचलली." त्यांची माफी मी तेव्हा मागितली होती. आज सर्वांसमोर पुन्हा मागतो. ते इथेच दाराशी उभे आहेत. काका, पुढे येऊन बसा.

त्यानंतर सहा महिने मी हा विषय शिकलो. महावितरणच्या ऑफिसात गेलो, लायसन्सधारक विद्युत ठेकेदाराला घेऊन मीटर रूम पाहिली, दरपत्रक वाचलं. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्याला लायसन्स लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं. आणि जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं की वाहनमालकाला आपल्या घरच्या असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. म्हणजे मी पत्रावर 'विचाराधीन' लिहीत होतो तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर आलेलं होतं. कमिटीने ठरवायचं होतं ते एवढंच, की वायर कुठून न्यायची आणि सुरक्षित कशी करायची.

दुसरी गोष्ट, 'एवढा लोड आपल्या बिल्डिंगला झेपेल का?' साधं गणित करू. २३० व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. मोठ्या पॉइंटवर लावलेली चारचाकी तेवढीच, म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलोवॉट घेते. तुमच्या बाथरूममधला गीझर दोन ते तीन किलोवॉटचा असतो. स्कूटरचा चार्जर तर बहुधा एक किलोवॉटच्या आत, म्हणजे इस्त्रीएवढा. मग घाबरायचं कशाला? इथेच मेख आहे. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी तासन् तास. एखादा स्क्रू सैल असेल, सॉकेट जुनं असेल, वायर बारीक असेल, तर पंधरा मिनिटांत काही होत नाही; चार तासांत ते वितळतं. म्हणून फ्रिजच्या पॉइंटला एक्स्टेंशन लावून गाडी चार्ज करणं हा धोका आहे, आणि स्वतंत्र सर्किट, जाड तांब्याची वायर आणि चांगलं सॉकेट ही सुरक्षा आहे. गाडी तीच, वीजही तीच.

दुसरं असं, की एका गाडीने काही होत नाही, पण उद्या वीस आल्या तर? वीस गाड्या एकाच वेळी साडेतीनप्रमाणे लावल्या तर सत्तर किलोवॉट. सव्वासात किलोवॉटचे भिंतीवरचे चार्जर लावले तर दीडशेच्या घरात. ते झेपणार नाही. पण दिवसाला पस्तीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रोज पाचेक युनिट लागतात, म्हणजे दीड तासाचं काम. रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास हाताशी आहेत. सगळ्यांनी पाळीने घेतलं तर आहे त्याच केबलवर पुष्कळ गाड्या भागतात. आपण लहानपणी नळाला नंबर लावून पाणी भरलंय, हे त्याहून अवघड नाही. म्हणून आपल्याकडे सध्या साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच परवानगी आहे. मोठा चार्जर हवा असेल तर आधी मंजूर भार वाढवून घ्यायचा.

तिसरी गोष्ट शॉकची. त्या दिवशी एमसीबी का पडला नाही, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. ठेकेदाराने समजावलं. एमसीबी वायरला वाचवतो. १६ अँपिअरच्या वर करंट गेला की पडतो. माणसाचा जीव जायला मात्र त्याच्या कितीतरी कमी, मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतका करंट पुरतो. ते काम आरसीसीबीचं. तीस मिलिअँपिअरची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. त्या घरात तो नव्हता. आज इथून घरी गेलात की आपापला बोर्ड उघडून पाहा. ज्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण आहे तो आरसीसीबी. नसेल तर गाडी असो वा नसो, बसवून घ्या. असेल तर महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा, वीज गेली पाहिजे.

चौथी गोष्ट आगीची. ए विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सभेत विचारलं होतं, "रात्री खाली गाडी पेटली तर आम्ही जिना उतरायचा कसा?" काहीजण हसले. मला तो त्या सभेतला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. त्या एका प्रश्नामुळे आपण एकही पॉइंट जिन्याखाली किंवा लिफ्टजवळ दिला नाही. सगळे कंपाउंडच्या भिंतीकडे नेले. दोन गाड्यांची पार्किंग त्यासाठी अदलाबदल करावी लागली, आणि ते सभासद तयार झाले, याबद्दल त्यांचे आभार. २०२२ च्या त्या घटनांनंतर सरकारने दुचाकींच्या बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, त्यांचा पहिला टप्पा त्याच वर्षी १ डिसेंबरपासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. म्हणून जुनी किंवा बाहेरून दुरुस्त केलेली बॅटरी असेल तर जास्त काळजी घ्या. सुटी निघणारी बॅटरी वर घरात नेऊन पलंगाखाली किंवा दाराशी रात्रभर चार्जिंगला लावू नका. आणि बॅटरी पेटलीच तर शूरपणा करू नका. आपला छोटा सिलिंडर तिला विझवेलच असं नाही. माणसं बाहेर काढा, मेन बंद करा, १०१ ला फोन करा.

आणखी एक. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत नदीचं पाणी पार्किंगमध्ये कसं शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपण नदीपासून लांब आहोत खरे, पण गटार तुंबलं की आपल्याकडेही घोटाभर पाणी येतं. म्हणून प्रत्येक पॉइंट छातीएवढ्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत आहे.

आता माझा विषय, पैशाचा. 'यांच्या गाडीचं बिल आम्ही का भरायचं?' अगदी बरोबर. प्रत्येक पॉइंट त्या सभासदाच्या स्वतःच्या मीटरवर आहे, सोसायटीच्या कॉमन मीटरवर एकही नाही. एक मात्र लक्षात ठेवा. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००. चारचाकीला महिन्याला सव्वाशे युनिट धरा. घरी दीडशे लागत असतील तर पावणेतीनशे होतील, ३०० च्या आत राहाल. घरीच अडीचशे लागत असतील तर वरची पंचाहत्तर युनिटं महागड्या टप्प्यात जातील. तेव्हा शोरूमवाल्याने सांगितलेल्या 'किलोमीटरला इतके पैसे' यावर जाऊ नका. स्वतःचं बिल समोर ठेवून हिशेब करा. महावितरणचा चार्जिंगसाठी वेगळा दरवर्गही आहे. वापर जास्त असेल तर स्वतंत्र मीटरची चौकशी करा. स्कूटरवाल्यांना ही चिंता नाही, महिन्याला वीस-पंचवीस युनिटांत त्यांचं भागतं.

मीटर रूमपासून भिंतीपर्यंतचा केबल ट्रे मात्र सामाईक आहे. पहिल्या सहा जणांनी तो खर्च वाटून घेतला. सातवा येईल तो आपला वाटा भरेल आणि तो आधीच्या सहा जणांना परत मिळेल. सिंकिंग फंडाला हात लावलेला नाही. तेवढा हट्ट मी आजही सोडलेला नाही, सोडणारही नाही.

बँकेतली एक आठवण सांगतो आणि थांबतो. १९८३ साली बँकांचे मालक आणि युनियन यांच्यात यंत्रांबद्दल करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि काही वर्षांनी आमच्या शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं. मी तेव्हा युनियनच्या बाजूने घोषणा दिलेल्या आहेत. आमच्या हेडक्लार्कना तर मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी काय केलं? मशीन बंद पाडलं नाही. काही महिने मशीन आणि हाताचं लेजर दोन्ही चालवलं आणि रोज संध्याकाळी बेरजा ताडून पाहिल्या. दोनदा मशीनमध्ये भरलेली चूक त्यांनीच पकडली. त्यांच्या शंकेमुळे आमची शाखा सुरळीत बदलली.

शंका घ्यायची ती अशी. मी घेतली ती फाइलला बांधून ठेवली, आणि तिची किंमत ज्यांच्याकडे ना स्कूटर ना फ्लॅट अशा माणसाने मोजली.

ज्यांना अजून ही गाडी पटत नाही त्यांना मी ती घ्या म्हणणार नाही. मी स्वतःही घेतलेली नाही. या वयात मला रिक्षा बरी. पण पुढच्या पंचवीस वर्षांत या पार्किंगमध्ये काय काय येईल ते आज इथे कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हाच्या कमिटीत, आता मागे चुळबूळ करणारी ही मुलंच असतील. त्यांना माझं एकच सांगणं आहे. कुणाचं पत्र आलं तर हो म्हणा, नाही म्हणा, कारण लिहा, अटी घाला. पण महिन्याच्या आत उत्तर द्या.

तो तरुण आज आपल्या चार्जिंग उपसमितीचा निमंत्रक आहे, आणि वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये पहिला आरसीसीबी त्यानेच स्वतःच्या पैशाने बसवून दिला. दंडाचं पत्र मी कधीच पाठवलं नाही. तो मसुदा अजून माझ्याकडे आहे, त्या तीन पत्रांच्या खाली.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. जेवण तयार आहे असा इशारा आलेला आहे.