फार गुणाचं बाळ



"बाळ फार गुणाचं आहे हो, रडतच नाही!" बाळंतिणीच्या खोलीत हे कौतुक ऐकलं की आम्हा बालरोगतज्ज्ञांचे कान टवकारतात. काल गळा काढून दूध मागणारं बाळ आज नुसतंच निजून असेल, तर त्याच्या रक्तात जंतू शिरले असतील. यालाच जंतुदोष, म्हणजे सेप्सिस म्हणतात. अशा वेळी मोठ्या माणसासारखा ताप येईलच असं नाही. उलट पुष्कळदा बाळ गार पडतं. ताप नाही म्हणून घर निर्धास्त राहतं आणि तिथेच वेळ जातो.

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून आरोग्यदूत बायांना हेच ओळखायला शिकवलं. रडणं क्षीण झालं, दूध ओढणं कमी झालं, बाळ सुस्तावलं, अंग तापलं किंवा गार पडलं, बेंबीत वा कातडीवर पू आला, पोट फुगलं, उलट्या किंवा जुलाब होऊ लागले, बाळ कण्हू लागलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली. यातली कोणतीही दोन लक्षणं एकदम दिसली की उपचार सुरू. या बाया घरी जाऊन जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन देत. त्या काळी हे धाडसच होतं! जंतुदोष झालेल्या शंभरातली सोळा-सतरा बाळं आधी दगावत, ती संख्या तिनाच्या आत आली.

या यादीत 'आधी चांगलं होतं, मग बिघडलं' याला मोल आहे. बाळ काल कसं होतं ते यंत्राला ठाऊक नसतं, आईला असतं. म्हणून आशाताई आली की तिला कालचं-आजचं दोन्ही सांगा.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, अडीच किलोहून हलकं, पाणमोट फुटून अठरा तास उलटल्यावर झालेलं किंवा आईला कळांत ताप असताना झालेलं बाळ जास्त जपावं लागतं. जंतुदोष झाल्यावरही हलकी, गार पडलेली आणि उशिरा पोचलेली बाळंच अधिक हातची जातात. आता औषधाला न जुमानणारे जंतूही वाढले आहेत. ते पुष्कळदा रुग्णालयातच, न धुतलेल्या हातांवरून पसरतात, हे आम्हा डॉक्टरांनी आधी कबूल केलं पाहिजे.

भंडाऱ्यात नवजात कक्षाचं नाव काढलं की 9 जानेवारी 2021 ची रात्र आठवते. जिल्हा रुग्णालयाच्या याच कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळं गेली. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. तरी मलूल बाळ घरी ठेवू नका. बेंबीला तेल, हळद, राख काही लावू नका. 102 ला फोन करा, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या आणि निघा. पोचल्यावर पहिल्यांदा एवढंच सांगा, किती वाजल्यापासून ते दूध ओढत नाही.