नजर कोठे, मन कोठे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठ्या विषयावर मी काय बोलणार? पण माझा भाचा इंजिनियरिंगला शिकतो. त्याने नजर मोजणाऱ्या यंत्राची माहिती सांगितली, ती ऐकल्यापासून एक गोष्ट मनात घोळत आहे. तीच आपल्यापुढे मांडते.

वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ घसरत जातो असे आपल्याला वाटते. तसे नसते. तो चिमणीसारखा टुणटुण उड्या मारतो आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे पाव सेकंद थांबतो. अमेरिकेतील एडमंड ह्यूई यांनी हे मोजण्यासाठी वाचणाऱ्याच्या डोळ्यावर एक टोपणी बसवून तिला अॅल्युमिनियमचा काटा जोडला होता. त्यांचे वाचनावरील पुस्तक १९०८ साली निघाले. आता डोळ्याला काही लावावे लागत नाही. यंत्र आपल्याला न दिसणारा प्रकाश डोळ्यावर टाकते. त्याचा एक ठिपका बुबुळापुढच्या काचेसारख्या पडद्यावर चमकतो. तो ठिपका आणि बाहुली यांच्यातील अंतर कॅमेरा टिपतो, आणि त्यावरून नजर कोठे आहे ते कळते.

रशियात यार्बुस नावाच्या शास्त्रज्ञांनी एकाच माणसाला एकच चित्र पुनःपुन्हा दाखविले. चित्रातील माणसांची वये विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर फिरली. सांपत्तिक स्थिती विचारली तेव्हा कपड्यांवर आणि सामानावर गेली. त्यांचे पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आले. आपण हळदीकुंकवाला जातो तेव्हा कोणाची नजर यजमानिणीच्या चेहऱ्यावर असते आणि कोणाची पाटल्यांवर, हे सांगायला मात्र आपल्याला यंत्र लागत नाही!

आपल्या मुंबईतही हे काम झाले आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपरोधाची वाक्ये वाचणाऱ्यांची नजर मोजली. वाचणाऱ्याला टोमणा समजला की नाही, याचा अंदाज नजरेवरून बांधता येतो का, हे त्यांनी तपासले. ते काम २०१६ साली प्रसिद्ध झाले. “दोनच तासांत आलात, काय बाई तुमची घाई!” असे वाक्य वाचताना नजर मागे फिरणारच की!

मात्र नजर म्हणजे मन नव्हे. दुधाच्या पातेल्याकडे डोळे लावून बसलेल्या बाईचे चित्त परीक्षेला गेलेल्या मुलाकडे असू शकते. डोळा कोठे टेकला एवढेच यंत्राला ठाऊक. म्हणून आपली नजर मोजून कोणी जाहिराती रचणार असेल, तर आधी आपल्याला विचारले पाहिजे, असे मला वाटते.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. आमच्या चाळीत एक गृहस्थ आहेत. सारी हयात गिरणीत गेली. आजाराने हातपाय गेले, वाचा गेली, डोळे तेवढे हलतात. समजते सारे. असे आजारी लोक नजरेने संगणकावर अक्षरे निवडून बोलू शकतात. पण ते यंत्र त्या घराला परवडण्यासारखे नाही. त्यांच्या सुनेने काचेसारख्या पारदर्शक पत्र्यावर अक्षरे लिहिली आहेत. ती पलीकडून पाहते, सासऱ्यांची नजर ज्या अक्षरावर थांबते ते मोठ्याने म्हणते, आणि असा एकेक शब्द जुळविते. एका वाक्याला पंधरा मिनिटे जातात. घरचे सारे उरकून ती बाई हे करते.

भेटीला येणारे मात्र त्यांच्यादेखत म्हणतात, “यांना आता काय कळते?” ते ऐकताना त्यांचे डोळे मी पाहिले आहेत.

भगिनींनो, आपल्या मंडळात वेळ काढू शकणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. आळीपाळीने आठवड्यातून एक तास प्रत्येकीने त्या घरी बसावे. सुनेला तेवढीच विश्रांती, आणि त्यांनाही घराबाहेरचे कोणी बोलायला मिळेल. अक्षरांचा पत्रा धरायला ती एका दुपारी शिकविते. मी शिकले आहे. शिक्षण लागत नाही, घाई तेवढी करू नये लागते. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आज चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.