भाकड गाईचा विचार रेतनाच्या दिवशीच

रायपूरच्या आसपास ज्या मराठी घरांच्या गोठ्यात जर्सी किंवा होल्स्टिन रक्ताच्या गाई आहेत, त्यांच्याशी आज बोलायचं आहे.

परदेशातल्या दूध-उत्पादकाची गाय आटली की ती मांसासाठी जाते. जिवंत वजनावर विकावी की कापल्यानंतरच्या वजनावर, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न. आपल्याकडे ती वाट मुळातच बंद आहे. छत्तीसगढचा 2004 चा कृषिक पशु परिरक्षण कायदा कत्तलीवर बंदी घालतो; तो गाय, बैल, वासरू यांच्याबरोबर म्हशीलाही लागू आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, पण म्हैस तिच्यात नाही. तेव्हा म्हशीबद्दल नागपूरकडच्या एखाद्या पाहुण्याने काही सल्ला दिला, तरी तो इथे उपयोगाचा नाही.

मग भाकड गाय सोडून दिली जाते. पावसाळ्यात गुरं चिखल टाळून महामार्गाच्या कोरड्या डांबरावर बसतात आणि रात्री ट्रकखाली येतात. हे थांबलं पाहिजे.

गाय विकायचीच असेल तर तिसऱ्या-चौथ्या वेतात, दुधात असताना किंवा गाभण असताना विका. गिऱ्हाइकाला लागोपाठ तीन वेळा धार काढून दाखवा, चारही सड त्याला तपासू द्या. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक पावतीवर लिहा. रात्री गाडी घेऊन येणाऱ्या, नाव-गाव न सांगणाऱ्या दलालाला जनावर देऊच नका, मग तो कितीही पैसे देवो.

खरी अडचण गोऱ्ह्याची. संकरित बैलाला वशिंड नसल्यासारखंच, त्यावर जू नीट बसत नाही, उन्हात तो लवकर धापा टाकतो. धानाच्या खाचरात आता ट्रॅक्टर आहे. म्हणून गोऱ्हा जन्मालाच कमी यावा, असं माझं ठाम मत आहे. लिंग-वर्गीकृत रेत वापरलं तर साधारण नव्वद टक्के कालवडी होतात. गाभ राहण्याचं प्रमाण थोडं कमी असतं, म्हणून ते निरोगी, पहिलारू कालवडीला आधी वापरावं.

आणि दुधाचा हिशेब मांडताना गाईच्या म्हातारपणीच्या चाऱ्याचे पैसे दर महिन्याला बाजूला काढा. तो खर्च दुधाचाच आहे.

तुमची कालवड आज माजावर असेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लिंग-वर्गीकृत रेताची चौकशी आजच करा.