दुसरं पाणी: ऑफिसची फरशी रात्री कशी चमकते

हा भाग ऐकताना तुम्ही ऑफिसात, मॉलमध्ये किंवा एखाद्या दवाखान्याच्या पॅसेजमध्ये असाल, तर एकदा मोबाइलवरून नजर काढा आणि खाली बघा. फरशीत ट्यूबलाइट दिसतेय का? दिसत असेल, तर ती कुणीतरी रात्री जागून तिथे आणलेली आहे. पुण्यात तेच माझं काम. मोठ्या इमारतींच्या फरशीवरचं जुनं पॉलिश काढायचं आणि नवीन चढवायचं. आमच्या लाइनीत याला ‘स्ट्रिपिंग-वॅक्सिंग’ म्हणतात. हे नाव ऐकून कॉलेजातली पोरं हसतात, त्यांना पार्लर आठवतं. हसून घ्या, मग पुढे जाऊ.

आज मला एका बादली पाण्याबद्दल बोलायचंय. एका रात्री मी ते पाणी वाचवलं. त्याची किंमत मी भरली, आणि माझ्यापेक्षा जास्त दुसऱ्याच कुणीतरी भरली.

पण आधी काम समजून घ्या, नाहीतर गोष्ट कळायची नाही.

तुमच्यापैकी कितीजणांनी गावाकडे शेणाने सारवलेली जमीन पाहिलीय? आजी सणाच्या आधी सारवायची. आपण चालायचो ते त्या सारवणावर. झिजायचं ते सारवण, खालची जमीन शाबूत राहायची. ऑफिसातल्या व्हिनाइलच्या फरशीवर जे पॉलिश असतं ना, तेही सारवणच आहे. बूट, खुर्च्यांची चाकं, ट्रॉल्या, सांडलेला चहा, हे सगळं त्या पातळ थराने सोसायचं आणि खालची फरशी वाचवायची. म्हणजे तो थर झिजण्यासाठीच लावलेला असतो.

आम्ही त्याला मेण म्हणतो, पण आजकाल त्यात मेण नावालाच. पूर्वी ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं मेण वापरायचे. आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅक्रिलिक असतं, पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं पांढरं. ते पातळ लावायचं. पाणी उडून जातं आणि मागे प्लास्टिकसारखा पारदर्शक थर राहतो. चांगल्या मालात जस्ताचे अंश असतात. ते अ‍ॅक्रिलिकच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतात, म्हणून रोजच्या पोछ्याने थर निघत नाही.

मग तो काढायचा कसा? त्यासाठी स्ट्रिपर. हे जहाल अल्कली असतं. आपल्या शुद्ध पाण्याचा पीएच ७, याचा ११ ते १३ च्या घरात. त्यातला अमोनियासारखा घटक जस्ताच्या गाठी सोडवतो आणि सॉल्व्हंट थर मऊ करतो. स्ट्रिपर मॉपने भरपूर पसरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. नवीन मुलांना हे थांबणंच जमत नाही. त्यांना वाटतं, साहेब बघतायत, हात चालला पाहिजे. अरे बाबा, त्या वेळात काम केमिकल करतंय! आपण फक्त ते सुकू द्यायचं नाही. सुकलं की थर पुन्हा चिकटतो आणि सगळं पहिल्यापासून.

मग सिंगल डिस्क मशीन, खाली काळा पॅड. पॅडचे रंग लक्षात ठेवा, या लाइनीत यायचं असेल तर पहिल्या मुलाखतीत विचारतील. काळा सगळ्यात खरखरीत, स्ट्रिपिंगचा. हिरवा घासायचा. लाल रोजच्या बफिंगचा. पांढरा सगळ्यात मऊ, चमक आणायचा. मशीन ढकलायचं नसतं. हँडल जरा उचललं की ते उजवीकडे जातं, जरा दाबलं की डावीकडे. पहिल्या दिवशी प्रत्येकजण त्याच्याशी कुस्ती खेळतो आणि भिंतीवर जाऊन आदळतो. मीही आदळलोय.

घासून झालं की फरशीवर राखाडी चिखल होतो. वेट व्हॅक्यूमने तो ओढून घ्यायचा. कडा आणि कोपरे हाताने, पत्रीने खरवडून. मग पहिलं स्वच्छ पाणी मारायचं आणि ओढायचं. मग दुसरं पाणी मारायचं, तेही ओढायचं. फरशी पूर्ण सुकली की पॉलिशचे चार पातळ हात. प्रत्येक हात सुकायला साधारण ४५ मिनिटं, पावसाळ्यात त्याहून जास्त.

हिशोब करा. नुसते चार हात सुकायलाच तीन तास. त्याआधी खुर्च्या-टेबलं हलवणं, झाडणं, स्ट्रिपिंग, दोन पाणी. आणि ऑफिस सकाळी उघडणार म्हणजे उघडणार.

आता ती रात्र.

जुलै महिना, शुक्रवार. मी नुकताच स्वतःची कामं घ्यायला लागलो होतो. एका ऑफिसच्या कँटीनचं आणि बाहेरच्या लांब पॅसेजचं काम मिळालं. रात्री नऊला फरशी मोकळी देतो म्हणाले होते. प्रत्यक्षात आतली पार्टी संपून शेवटचं टेबल निघालं तेव्हा साडेअकरा झाले होते. सकाळी सहाला फरशी हवी, हे मात्र जिथल्या तिथे. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की साहेब, आज अर्धाच पॅसेज होईल. म्हणालो नाही. पहिलं मोठं काम, पुढची ऑर्डर हातची जाईल ही भीती. ‘करतो सर,’ म्हणालो.

आम्ही पाचजण. त्यात एक मावशी होत्या, पन्नाशीच्या. आधी त्याच इमारतीत झाडू-पोछा करायच्या, मग आमच्याकडे आल्या. कडेच्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाण्याच्या बादल्याही त्याच आणायच्या.

आता स्ट्रिपर पडलेली फरशी म्हणजे काय असतं, ते सांगतो. ओल्या साबणावर तेल ओतलं तर कशी होईल, तशी. तिच्यावर फक्त खास घट्ट पकडीचे बूट किंवा बुटांवर चढवायची कव्हरं घालून उभं राहायचं असतं. माझ्याकडे दोन जोड होते. एक मशीनवाल्याला दिला, एक व्हॅक्यूमवाल्याला. बाकीच्यांनी कोरड्या भागात राहायचं, असा नियम मीच केला होता. पाण्याचा नळ पॅसेजच्या पलीकडे. कोरड्या वाटेने जायचं तर लिफ्टला वळसा घालून जावं लागे. एक-दीडच्या सुमारास मीच म्हणालो, ‘मावशी, तिकडून नको, वेळ जातो. इथूनच या कडेकडेने.’

त्या आल्या. पायात साधी चप्पल, दोन्ही हातांत बादल्या.

बाकी तुम्हाला कळलंच असेल. उजवं मनगट मोडलं. त्यांच्या अंगावर केमिकलही उडालं होतं. ते लगेच भरपूर पाण्याने धुतलं, तेवढं एक बरोबर केलं. एकजण त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेला. आम्ही तिघे उरलो, घड्याळात दोन.

इथे मी दुसरी चूक केली. पहिलं पाणी मारलं, ओढलं. फरशी बघितली, स्वच्छ दिसत होती. दुसरं पाणी सोडून दिलं. कुणाला कळणार? सरळ पॉलिशवर गेलो. सकाळी सहाला कँटीन आरशासारखं चमकत होतं. त्या साहेबांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मंगळवारी फोन आला. पॅसेजवर पांढरे डाग. खुर्ची सरकली की भुकटी उठतेय, नखाने पापुद्रा निघतोय. असं का होतं? स्ट्रिपरचा अंश फरशीवर राहिला की वरचं पॉलिश पकड घेत नाही. ज्या केमिकलने जुना थर सोडवला, तेच नव्या थराच्या खाली बसून तेच काम करत राहतं. डोळ्यांना फरशी स्वच्छ दिसते. केमिकल डोळ्यांना दिसतच नाही.

सगळं काम पदरच्या पैशाने पुन्हा केलं. ते नुकसान मी वर्षभरात भरून काढलं. मावशींचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. त्यांचं रोजाचं काम, हजेरी नाही तर पैसे नाहीत. दवाखान्याचं बिल मी दिलं. रोज मात्र अर्धाच दिला, आणि तेव्हा मला तो मोठेपणा वाटला होता. नंतर उरलेला दिला, पण तो वेळेवर द्यायचा होता. त्या परत आल्या, पण भरलेली बादली त्या हाताने पुन्हा उचलली नाही. मला एकदाच म्हणाल्या, ‘तू बोलला असतास ना त्या सायबाला, तर एवढं झालं नसतं रे.’ आवाजात राग नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मी खूप दिवस वेळेला दोष देत होतो. वेळ कमी मिळाला, पार्टी लांबली. पण वेळ कमी आहे हे साडेअकरालाच दिसत होतं. ते बोलून दाखवणं माझं काम होतं. मी बोललो नाही आणि तो न मिळालेला वेळ मावशींच्या पायाखालून आणि फरशीच्या पाण्यातून कापून घेतला. आमच्या धंद्यात जिथे कुणी बघत नाही तिथेच कात्री लागते.

आता मी काय करतो, ते सांगतो. या लाइनीत असाल किंवा येणार असाल, तर लिहून घ्या.

एक. कोटेशनमध्ये ‘दुसरं पाणी’ ही वेगळी ओळ असते. कुणी विचारलं की हे काय, तर समजावून सांगतो. पीएच तपासायची कागदी पट्टी खिशात असते. ओल्या फरशीवर लावायची. सात-आठच्या आसपास आली तर पुढे जायचं, नाहीतर तिसरं पाणी. पट्टी नसेल तर फरशी सुकल्यावर काळं फडकं फिरवा. पांढरं आलं तर अजून धुवा.

दोन. जेवढे बुटांचे जोड, तेवढीच माणसं कामावर. हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना. डोळ्यात उडालं तर कमीत कमी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि मग डॉक्टर. आणि स्ट्रिपरमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो. बंद पॅसेजमध्ये तो जीव घेऊ शकतो.

तीन. रात्री एसी चालू ठेवायला आधीच सांगून ठेवतो. बहुतेक इमारतींत तो बंद करतात आणि दमट हवेत पॉलिश सुकत नाही. पंखा मात्र थेट ओल्या पॉलिशवर मारायचा नाही. वरून साय धरते आणि आत ओलं राहतं.

चार. गरज नसेल तर स्ट्रिपिंग करूच नका. वरचाच थर मळला असेल, तर हिरव्या पॅडने घासून दोन हात चढवले तरी भागतं. काही व्हिनाइल कारखान्यातूनच कोटिंग करून येतं, त्याला मेण लागतच नाही. शहाबादी, कोटा, संगमरवर हे चुन्याचे दगड, त्यांचं शास्त्र वेगळं. त्यांच्यावर अ‍ॅसिड ओतणाऱ्याला तर दारातच अडवा, कारण अ‍ॅसिड दगडच खातं. आणि दारात दहा-पंधरा फूट चांगलं पायपुसणं टाका. फरशी झिजवणारी माती बुटांबरोबर बाहेरूनच येते.

आणि तुम्ही या लाइनीत नसाल, नुसते त्या फरशीवरून चालणारे असाल, तरी तुमचं एक काम आहे. तुमच्यातलं कुणीतरी उद्या ऑफिसचं अ‍ॅडमिन बघेल, कुणी दुकान काढेल. कुणी हॉस्पिटल चालवेल. फरशी रात्री नऊला देतो म्हणालात, तर नऊला द्या. उशीर झाला, तर सकाळची वेळही तेवढीच पुढे सरकवा. समोरचा ‘करतो सर’ म्हणाला, तरी एकदा विचारा, ‘यात काय सोडून देणार आहेस?’ त्या रात्री मला कुणी हे विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं असं मला वाटतं.

पिवळा बोर्ड दिसला की वळसा घाला. बोर्डाच्या पलीकडे कुणी उभं असेल, तर त्याच्या पायांकडे बघा. साधी चप्पल दिसली, तर त्याच्या सुपरवायझरला सांगा. तुमचं एक वाक्य लागेल, पण ते त्याला स्वतःला बोलता येत नाही.

मावशी आता गावी असतात. मागच्या दिवाळीत गेलो होतो. अंगण सारवलेलं होतं. म्हटलं, ‘मावशी, हाताने कसं जमतं?’ म्हणाल्या, ‘डाव्याने. सावकाश. घाई कुणाला आहे?’

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसात रात्री काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.