घरचं पुस्तक, शाळेचं कपाट



आपल्या वाचनालयात शिक्का आणि रजिस्टरात नोंद असलेलंच पुस्तक कपाटात जायचं. घरचं पुस्तक दप्तरात. बाईंच्या या शिस्तीचा अर्थ मला नोकरीत उमगला.

डेबियन लिनक्समध्ये पॅकेजमधून आलेलं सॉफ्टवेअर मुख्यतः 'यूएसआर' या डिरेक्टरीत बसतं. त्याच्या प्रत्येक फाइलची नोंद 'डीपीकेजी' ठेवतो. आपण स्वतः तयार केलेल्या सॉफ्टवेअरसाठी तिच्याच पोटात 'लोकल' हा वेगळा कप्पा आहे. तिथल्या फाइलींना पॅकेज हात लावत नाही. शिवाय कमांड शोधताना सहसा हाच कप्पा आधी पाहिला जातो, त्यामुळे आपली सुधारित प्रत आपोआप चालते. ही मांडणी 1994 पासून लेखी प्रमाण म्हणून उपलब्ध आहे.

मी मात्र घाईत पॅकेजची मूळ फाइलच दुरुस्त केली. कुठे नोंद नाही, कोणाला सांगितलं नाही. काही महिन्यांनी एका नवख्या सहकाऱ्याने नेहमीचं अपडेट केलं. नवी फाइल आली, माझी दुरुस्ती पुसली गेली आणि काम ठप्प झालं. बोलणी त्याने खाल्ली. मी दोन दिवस गप्प होतो. डोंबिवलीच्या गाडीत त्याच्यासमोर उभं राहणं अवघड झालं, तेव्हा साहेबांना खरं सांगितलं.

बाई, आता घरचं पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवत नाही. आणि नोंदही करतो.